डाव्या बाजूचा दांडा

रोह्याच्या एका मंडळाने या वर्षी गणपती बसवला तो इंजिनात. जुन्या विजेच्या इंजिनात. आपल्याकडे विजेवर गाडी धावायला लागून शंभर वर्षं झाली, म्हणून हा देखावा. कल्पना वाईट नव्हती, मी तसं म्हणत नाही. पण ते इंजिन उभं राहिलेलं बघितलं तेव्हा मला तिथंच थुंकावंसं वाटलं. मांडवात थुंकता येत नाही म्हणून गिळलं.

त्या जातीच्या इंजिनाला आमच्या शेडमध्ये खेकडा म्हणायचे. मी पाचवी नापास. निडी माझं गाव, तिथून घर सोडलं ते रेल्वेत खलाशी, म्हणजे शेडमधला हरकाम्या, म्हणून लागलो, फिटर होऊन सुटलो, आणि त्यातली सुरुवातीची सगळी वर्षं या खेकड्यांच्या पोटाखाली उताणा पडून काढली. तोंडावर ग्रीस पडायचं. जेवताना डब्यातल्या भाकरीलाही त्याचाच वास.

खेकडा कसा होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मालगाडीचं इंजिन ते. मधे एक उंच पेटी आणि दोन्हीकडे दोन बसकी नाकं. खाली चाकांचे दोन गाडे, एकेका गाड्याला सहा चाकं. त्या गाड्याला साहेब लोक ट्रक म्हणायचे, आम्ही बोगी म्हणायचो. नाक गाड्यावरच बसवलेलं, गाडा वळला की नाकही वळायचं, आणि पेटी दोन्ही गाड्यांवर नुसती टेकलेली. त्यामुळे एवढं मोठं धूड घाटाच्या वळणावर कमरेत मोडल्यासारखं वळायचं आणि डुलत डुलत चालायचं. म्हणून खेकडा.

आताच्या इंजिनात प्रत्येक आसाला आपली मोटर असते. खेकड्यात तसं नव्हतं. मोटरी वर, आणि खाली एका बाजूची तिन्ही चाकं एका लोखंडी दांड्याला बांधलेली. मोटर फिरली की दांडा हलायचा आणि तिन्ही चाकं एकदम फिरायची. कोळशाच्या इंजिनाला असायचा तसाच दांडा. ज्यांनी हे इंजिन बनवलं त्यांनी वीज घेतली, पण दांडा सोडायचा धीर त्यांना झाला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इंजिनाच्या दोन बाजू सारख्या नसतात. उजवा दांडा सगळ्यात खाली असतो तेव्हा डावा खाली नसतो. तो चाकांच्या बरोबर मध्यावर, पुढच्या अंगाला सरकलेला असतो. काटकोनात, पाव फेरा पुढे. का, तर दांडा आणि आस एका रेषेत आले की त्या बाजूचा जोर मरतो, मग कितीही ढकला. त्या घटकेला दुसऱ्या बाजूने जोर लावून काढायचं. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर इंजिन कधीतरी एका जागी अडकून बसणार. चाकं आसावर चढवताना आम्ही हा काटकोन माप लावून तपासायचो, आणि चुकला तर मुकादम आईबापांपासून सुरुवात करायचा.

माझी बायको जोह्याची. मूर्तींच्या गावची. लग्नाआधीपासून गणपतीचे डोळे आखायची, आणि लग्नानंतर आम्ही पेणला रामवाडीत राहायला आलो तरी हंगामात रोज बसने जोह्याला जायची, भावाच्या कारखान्यात. वैशाखात गेली. किडन्या गेल्या होत्या. भेटायला आलेले सगळे एकच बोलत होते, "सुटली बिचारी." सुटली म्हणे. कोणाच्या तावडीतून? माझ्या? चहा पिऊन, कप खाटेखाली ढकलून, "सुटली" म्हणून निघून जायचे. मला त्या कपांचीही किळस यायला लागली होती.

रोह्याचं काम तिच्या भावाकडे आलं ते त्याआधी, फाल्गुनात. तो घरी येऊन म्हणाला, "ताय, सगळं इंजन मी प्लायवुडचं करीन. पण चाकांचे गाडे मातीत करून, साचा घेऊन फायबरमध्ये काढावे लागतील. ते तू कर. तुझ्या घरात माणूस हाय ना जाणता."

मी म्हणालो, "तिची तब्येत बघितलीस का?"

तर तीच बोलली, "चाळीस वर्षं सोंड वळवतेय. जरा दुसरं काहीतरी करू द्या की अवो."

मग मी ओटीवर खडूने गाडा काढून दिला, साडेतीन फूट लांब. भावाने शाडू आणून टाकली. तिने आधी उजवी बाजू केली. काय केली होती! चाकांवर बसलेल्या पाट्यांच्या स्प्रिंगा, बोल्टांची डोकी, दांड्याची टोकं जिथं चाकाला धरतात तिथली गोल नाकं. तिने खरा खेकडा जन्मात बघितला नव्हता. माझ्या बोलण्यावरून केलं. मी नुसता बोटाने हवेत दाखवायचो आणि तिच्या बोटाखाली ते तयार व्हायचं.

मग तिने डावी बाजू केली. पाय सुजलेले, पाटावर पाय पसरून बसलेली. दुपारी हाक मारली, "अवो, बघा, झालं एकदाचं."

मी बघितलं. हुबेहूब उजवीसारखी. दांडा खाली.

"हे भंगार हाय," मी म्हणालो.

"भंगार काय? नीट बोला की."

"दोन्हीकडे दांडा खाली. हे इंजन जागचं हलायचं नाय."

"मातीचं हाय ते!"

"मातीचं असलं म्हणून काय झालं? गणपती पण मातीचाच असतो. म्हणून त्याची सोंड पाठीला लावतेस काय गो?"

माझं बरोबरच होतं. बरोबर असायची मला आयुष्यभर घाण सवय. मग मी तिला खडूने काढून दाखवलं, एक बाजू मेली की दुसरी कशी ओढून काढते ते. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एकाचं अडलं की दुसऱ्याने ढकलायचं."

"व्हय."

"इंजनाला कळतं तेवढं. एक माणूस पस्तीस वर्षं इंजनाखाली झोपून आला, त्याला नाय कळलं."

हसली. मी नाही हसलो. तिने तो दांडा तारेने कापून काढला, माती ओली केली आणि पुन्हा बसली. दोन दिवसांत होईल म्हणाली होती, तीन लागले. मधेच आडवी व्हायची, मातीवर ओलं फडकं टाकून ठेवायची, पुन्हा उठायची. मी तिला "राहू दे" म्हणालो का? नाही म्हणालो. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो, चुकते की काय बघत.

दोन्ही बाजू टेम्पोतून जोह्याला गेल्या. त्यानंतर तिने मातीला हात लावला नाही. दवाखाना, मग घर, मग दवाखाना, मग काहीच नाही.

पुढचे तीन महिने मी जोह्याला फिरकलो नाही. कारखान्याच्या दारात ती नसणार, एवढ्या एका गोष्टीसाठी बसमध्ये बसवेना. पण आषाढ संपत आला तेव्हा मनात एकच उरलं. तिने केलेली डावी बाजू त्या इंजिनाला लागलेली बघायची. बाकी मला मंडळाशी, देखाव्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते तिचं शेवटचं काम होतं आणि माझ्या तोंडामुळे तिने ते दोनदा केलं होतं. म्हणून गेलो.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हंगाम. रंगाच्या गनचा धूर, थिनरचा वास, भिंतीपासून दारापर्यंत गणपती. मेव्हण्याने आनंदाने हात धरून मागे नेलं. फायबरचे चार तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते, काळा रंग मारून. दोन गाड्यांच्या चार बाजू.

चारही सारख्या. चारही बाजूंचा दांडा खाली.

"डावी कुठाय?" मी विचारलं.

"ही काय. चार हायत की."

"तुझ्या ताईने दुसरी केली होती. दांडा मधे असलेली."

"ती? ती काय वेगळी होती भावजी? जरासा तर फरक. एका साच्यात चारही निघाल्या. दुसरा साचा कशाला करायचा?"

"मग ती मातीची कुठाय?"

त्याने हौदाकडे मान केली. शाडू भिजत घालायचा हौद. त्यात चार-पाच मूर्तींचे तुकडे, एक मोडलेला हात, आणि वर राखाडी चिकट पाणी.

आता जोह्याची रीत ही अशीच आहे. शाडू कोणी फेकत नाही. साचा निघाला, किंवा काम चुकलं, की माती हौदात. चुकलेले कान, तुटलेली बोटं, सगळं परत गाळ. माझी बायकोही तेच करायची. स्वतःच्या हाताने केलेलं मुकुट-बिकुट ती एका क्षणात हौदात टाकायची आणि हात झटकायची. तिने हे बघितलं असतं तर तिला काहीही वाटलं नसतं. हे मला माहीत होतं, आणि त्याने माझं डोकं आणखी फिरलं.

मी म्हणालो, "अरे, हे चालणार नाय."

"चालवायचं कुठाय भावजी? त्याच्यावर गणपती बसवायचा हाय."

"दोन्ही बाजू सारख्या केल्यास तू."

"मग? दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसतात? माणूस एका टायमाला एकाच बाजूला उभा राहतो." आणि रंगवणाऱ्या पोरींकडे बघून हसला. त्याही हसल्या.

त्याचंही बरोबर होतं. तो त्याच्या धंद्याच्या हिशेबाने बरोबर, मी माझ्या. आणि ती मधल्या मधे तीन दिवस सुजलेल्या पायांनी बसली. साच्यातून निघालेली बाजू म्हणजे तिची पहिली, मी न टोकता केलेली. हौदात गेली ती मी करून घेतलेली. बाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. राग त्याचा आला होता, पण किळस आली होती माझी मला.

श्रावण संपायच्या आत इंजिन रोह्याला उभं राहिलं. मी पिशवीत हॅकसॉ, एक जुनी कानस, पुट्टीचा डबा, फायबर चिकटवायचं ते दोन डब्यांचं मिश्रण, घासपेपर, काळा रंग घेतला आणि पेणहून गाडीत बसलो. वाटेत निडी लागलं. खिडकीतून बघितलं नाही.

मांडवात अध्यक्ष होते. कडक पांढरा शर्ट, दोन मोबाइल. मी सांगितलं, मी जोह्याच्या कारखानदाराचा भावजी, रेल्वेतून रिटायर, डाव्या बाजूचे दांडे चुकलेत, बदलून देतो, एक पैसा नको.

"काका, सुंदर झालंय हो. लोक आत्तापासून फोटो काढतायत."

"चुकलेलं हाय."

"कोणाला कळणार काका?"

"मला."

"मग तुम्ही उजव्या बाजूने दर्शन घ्या ना." बाजूची माणसं हसली. मग अध्यक्षांना माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "बरं, करा. पण सगळं परत काळं दिसलं पाहिजे. आणि उद्या संध्याकाळपर्यंत."

मी डाव्या बाजूला मांडी घालून बसलो. पातं दांड्यावर ठेवलं, आणि हात थांबला. कारण फायबरचा असला तरी तो दांडा तिचा होता. उजव्या बाजूचा, तिच्या बोटांचा. दांड्याच्या गोल नाकाच्या कडेला तिने अंगठ्याने दाबून माती बसवली होती, तो खळगाही साच्यात जसाच्या तसा उतरला होता. हा कापायचा म्हणजे तिचं चांगलं काम कापून त्या जागी माझं बसवायचं. न कापावं, तर तिने तीन दिवस बसून जे सुधारलं ते खोटं पाडायचं. किती वेळ बसलो माहीत नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "काका झोपले वाटतं."

कापला.

फायबरची भुकटी नाकातोंडात गेली, कातडीला खाज सुटली. दोन्ही गाड्यांचे दांडे काढले, वर आणून मध्यावर धरले, पुढे सरकवले, मिश्रण लावून चिकटवले. उठून लांबून बघितलं. काहीतरी चुकत होतं. शेडमध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस मी, तरी पाच मिनिटं कळेना. मग कळलं. चाकात दांड्याच्या विरुद्ध अंगाला अर्धचंद्रासारखं लोखंडी वजन असतं, दांड्याच्या भाराला तोल म्हणून. दांडा खाली तर वजन वर. मी दांडा पुढे नेला होता आणि वजन वरच राहिलं होतं. ते मागे जायला पाहिजे.

आणि तिथं बसल्या बसल्या मला आठवलं, की तिला दांड्याबद्दल मी तासभर व्याख्यान दिलं होतं, पण वजनही दांड्याबरोबर फिरतं, यावर एक शब्द बोललो नव्हतो. विसरलो होतो. तरी तिच्या दुसऱ्या डाव्या बाजूवर वजन मागे होतं. मी ते त्या दिवशी ओटीवर बघितलं होतं आणि बरोबर आहे म्हणून पुढे गेलो होतो. बरोबर असलेलं मला कधी दिसतच नाही. उजवीकडे वजन दांड्याच्या विरुद्ध अंगाला असतं, म्हणजे डावीकडेही विरुद्धच पाहिजे, हे तिने एकटीने ओळखलं होतं. मला बोलली नाही. बोलली असती तर मी म्हणालो असतो, मला माहीत आहे.

सहा चाकांची सहा वजनं कापली, मागे बसवली. पुट्टी भरली, रंग मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. काटकोन बरोबर. पण दिसायला घाणेरडं. माझा हात लोखंडाचा, मातीचा नाही. सांधे फुगलेले, पुट्टीवर माझ्या बोटांचे ओरखडे, पुढच्या गाड्याचा दांडा किंचित वाकडा. उजवी बाजू बघावी तर लोण्यासारखी.

अध्यक्षांनी येऊन बघितलं. तोंड वाकडं केलं आणि निघून गेले. संध्याकाळी दोन माणसं आली आणि डाव्या बाजूला, चाकांच्या बरोबर समोर, पहिल्या गाड्यापासून शेवटच्या गाड्यापर्यंत फ्लेक्स बांधून गेली. शुभेच्छुकांचा. ओळीने अकरा तोंडं, सगळी गोरी केलेली, सगळी हात जोडून. एकालाही मी ओळखत नाही. मी विचारलं, हा समोरच्या खांबाला का नाही बांधत? तर म्हणाले, "काका, ही जागा मोकळी होती."

मोकळी होती.

गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी मेव्हणा दर्शनाला आला. मी तिथं होतोच, रोज जात होतो, का ते विचारू नका. त्याची बाही धरून मी त्याला फ्लेक्सच्या मागे नेलं. जागा कमी, दोघांना वाकून उभं राहावं लागलं. त्याने मोबाइलची बॅटरी लावली. दांडा बघितला. वजन बघितलं. मग बाहेर जाऊन उजवी बाजू बघून आला, परत वाकला.

"भावजी, वाकडा बसलाय."

"माहीत हाय."

"सांधा पण वर आलाय. तायचा असा नव्हता."

"कसा होता?"

बॅटरी दांड्यावरून पुढे गेली, मागे आली. बाहेर कोणीतरी लहान मुलाला ओरडत होतं, हात नको लावूस म्हणून.

"मला आठवत नाय," तो म्हणाला. मग बोटाने सांधा चाचपत, "साचा काढायला एक दिवस लागला असता. एकच दिवस." त्याला मोठं मन दाखवायची माझी इच्छा नव्हती, आजही नाही. त्याने बाह्या वर केल्या, खाली बसला आणि म्हणाला, "घासपेपर हाय काय?"

पिशवी माझ्या खांद्यालाच होती. काढून दिला. तो सांधा घासायला लागला. पांढरी भुकटी त्याच्या इस्त्रीच्या पॅन्टवर आणि माझ्या पायांवर पडत होती. मी वाकून उभा राहिलो, घासता घासता दांडा काटकोनातून हलवत तर नाही ना, ते बघत.